साइडपट्टीवर कोणी उतरायचं

हसनाबादहून भोकरदनकडे जाणाऱ्या रस्त्यातले सात किलोमीटर कचरूचे होते. कागदावर ते सरकारचे, पण सरकार काही रोज सकाळी फावडं खांद्यावर टाकून तिथं येत नव्हतं. कचरू येत होता, गेली बावीस वर्षं. तो रस्त्याच्या खात्यात मैलकुली होता. खड्डा पडला की बुजवायचा, बाभळीच्या फांद्या आडव्या आल्या की तोडायच्या, किलोमीटरच्या दगडांना चुना मारायचा आणि डांबराच्या दोन्ही अंगांना जी मातीची पट्टी असते तिच्यात मुरूम भरायचा, हे त्याचं काम. खात्यातले लोक तिला साइडपट्टी म्हणत. गावातले लोक नुसतंच 'खाली' म्हणत. डांबर ते वर आणि पट्टी ती खाली, असा साधा हिशेब होता.

डांबर होतं बारा फुटांचं. त्यावर एक जीप मोकळेपणानं जायची. दुसरं काही आलं की कुणीतरी खाली उतरायचं, आणि हे कुणीतरी कोण, ते सगळ्यांना पाठ होतं. सायकलवाल्यानं उतरायचं, पायी चालणाऱ्यानं उतरायचं, डोक्यावर चाऱ्याचा भारा असलेल्या बाईनं तर नुसता आवाज कानावर पडताच उतरायचं. असा नियम कुठं लिहिलेला नव्हता. नाही उतरलं तर काय होतं, हे बघायची तसदीही कुणी घेतली नव्हती. कचरूचे पाय तर इतके तयार झाले होते, की जीपचा आवाज आला की ते त्याला न विचारता पट्टीवर जाऊन उभे राहत. वर हात कपाळाला जाई, तो वेगळाच.

अठ्ठ्याण्णव सालच्या डिसेंबरात कचरूच्या मुलीनं, उषानं, पोलीस भरतीचा अर्ज भरला. पोरगी बारावी पास झालेली, एकोणीस वर्षांची, लांब पायांची. भरती जानेवारीच्या शेवटी जालन्याला होती आणि तिथं मुलींना तीन किलोमीटर पळायचं होतं. कचरूच्या वाडीत मैदान नव्हतं. शाळेपुढं जी जागा होती तिच्यात तीन किलोमीटर पळायचं तर पोरीला गरगरायला झालं असतं. मग कचरूनंच खात्याची टेप आणून रस्ता मोजला. वाडीच्या फाट्यापासून भोकरदनच्या बाजूच्या नळकांडी पुलापर्यंत बरोबर दीड किलोमीटर. जाऊन येऊन तीन. सात किलोमीटरांतले दीड त्यानं आपल्या लेकीला दिले, आणि ते देताना त्याला आपण जमीनदार असल्यासारखं वाटलं हे कबूल करायला हवं.

उषा रोज सकाळी साडेसहाला पळायला लागली. पोरगी कुणाच्या मागं पळते, असं पारावर विचारून झालं. कुणाच्या पुढं पळते, असंही झालं. उषाची आई गिरिजाबाई सुरुवातीला धास्तावली होती, पण लेकीनं ऐकलं नाही तेव्हा तिनं हात टेकले आणि सकाळी पळण्याआधी तिला दोन खजूर द्यायला सुरुवात केली. उषा डांबरावरून पळायची आणि जीप आली की, बापाची लेक, खाली उतरायची.

जीप साहेबरावांची. साहेबराव म्हणजे वाडीतलं मोठं घर. त्यांचे वडील पंधरा वर्षं सरपंच होते आणि आता हेही पंचायतीत होते. ड्रायव्हरवर विश्वास नाही म्हणून जीप स्वतः चालवायचे. साडेसहाला वाडीच्या फाट्यावरून माणसं भरायची आणि साडेसातच्या आत भोकरदनच्या स्टँडवर पोचवायची, कारण साडेसातला जालन्याची एसटी होती. माणूस वाईट नव्हता. कुणाचं बाळंतपण अडलं तर रात्री-अपरात्री जीप काढायचा, पैसेही मागायचा नाही. फक्त हॉर्न दाबल्यावर रस्ता रिकामा झाला पाहिजे, एवढीच त्याची अपेक्षा होती, आणि ती आजवर पुरी होत आलेली होती.

त्या मंगळवारी हॉर्न वाजला आणि उषा पळता पळता खाली उतरली. पाय मुरमात घोट्यापर्यंत रुतला, अंगाचा वेग तसाच पुढं गेला आणि घोटा मुरगळला. ती तोंडावर पडली. जीप थांबली नाही. आरशात दिसलं नसेल, असं साहेबराव नंतर म्हणाले, आणि ते खरंही असेल.

आता हा मुरूम कुणाचा, ते सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्यावरच फिरली. दोनच दिवसांपूर्वी मैलकुल्यांच्या गँगचा मुकादम तातेराव सांगून गेला होता, की मोठ्या साहेबांचा दौरा आहे, पट्टी भरून घ्या. मुरूम भरल्यावर त्यावर पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, मग ती पट्टी पक्की होते. पण पाण्याचा टँकर नव्हता आणि रोलर कुठं होता ते रोलरलाच ठाऊक. अशा वेळी गँगमध्ये एक ठरलेलं वाक्य होतं: वरून सारखं करा, बाकी गाड्यांनी दबंल. कचरूनं फावड्याच्या पाठीनं वरून छान सारखं केलं होतं. लांबून पट्टी सारवलेल्या अंगणासारखी दिसत होती आणि आत भुसभुशीत होती. गाड्यांनी दबेल म्हणायचं, पण गाड्या कधी खाली उतरतच नव्हत्या. उतरत होते ते पायी चालणारे आणि सायकलवाले. म्हणजे ती पट्टी दाबायला रोलर म्हणून गोरगरिबांचे पाय वापरले जात होते, आणि कचरूनं बावीस वर्षांत ह्याचा एकदाही विचार केला नव्हता.

उषाला त्यानं सायकलवर बसवून घरी आणलं. गिरिजाबाईनं हळद-मिठाचा गरम लेप लावला. घोटा वांग्याएवढा सुजला होता. पोरगी रडली नाही. पायाकडे बघतच तिनं विचारलं.

"आबा, त्या जाग्याला मुरूम कुणी भरल्ता?"

"म्या," कचरू म्हणाला.

तिनं पाय उचलून खाटेवर घेतला आणि तोंड भिंतीकडे केलं. बोलली असती तर बरं झालं असतं, असं कचरूला वाटलं. भरतीला महिनाही राहिला नव्हता आणि पोरीचा पाय त्यानं स्वतःच्या फावड्यानं मोडायचाच बाकी ठेवला होता.

आठवड्यानं पंचायतीपुढं बैठक बसली. साहेबरावांनीच विषय काढला आणि मोठ्या काळजीनं काढला. पोरीचा पाय मुरगळला, उद्या कुणाचा जीव जाईल. हल्ली गाड्या वाढल्या, ट्रक चालू झाले, सायकली वाढल्या, त्यात आता पळणारे आले. तेव्हा पळणाऱ्यांनी आणि सायकलवाल्यांनी डांबरावर यायचंच नाही, आधीपासूनच पट्टीवरून जायचं, म्हणजे ऐन वेळी उतरायची भानगड नको, असा ठराव त्यांनी मांडला. ऐकायला ते शहाणपणाचं वाटत होतं. खोट काढायला जागाच नव्हती, म्हणून तर कचरूला संताप आला.

रामकिसन दूधवाला भीत भीत उठला. त्याच्या सायकलला दोन्ही अंगांना दुधाच्या कॅना असत. पट्टीवरून नेलं तर चाक घसरतं, आणि कॅना सांडल्या तर दूध काय बाभळीला पाजू का, असं त्यानं विचारलं. लोक हसले. साहेबरावही हसले आणि म्हणाले, की हळू चालव, तुला कुठं एसटी गाठायची आहे.

मग गिरिजाबाई बोलली. बायका अशा बैठकीत मागं भिंतीला टेकून बसत आणि बोलत नसत, पण ती बोलली.

"पट्टीवर पळा म्हनता, पर सकाळच्या पारी पट्टीवर जागा कुठं हाय? फाट्यापसून अर्ध्या मैलापर्यंत टमरेलं घेऊन सारा गाव बसेल असतो. पोरीनं कुणाकुणाच्या पुढून पळावं, तेवढं सांगा."

बैठकीतली निम्मी माणसं जमिनीकडे बघायला लागली, कारण तिथं बसणाऱ्यांत ती होती. बायकांत खसखस पिकली. जीपचा उजेड आला की टमरेल सोडून उठून उभं राहावं लागतं आणि गाडी गेली की पुन्हा बसावं लागतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? साहेबरावांचे कान लाल झाले. पण हसणं वेगळं आणि ठराव वेगळा. ठराव झाला. दवंडीही दिली गेली. कचरू बैठकीत एक शब्दही बोलला नव्हता, आणि घरी येईपर्यंत तो स्वतःलाच शिव्या देत होता.

दहाव्या दिवशी उषाचा पाय धड झाला. दुसऱ्या दिवसापासून पळते म्हणाली. कचरूनं एवढंच विचारलं, की किती वाजता निघशील. साडेसहाला, ती म्हणाली. बरं, तो म्हणाला आणि लवकर आडवा झाला.

सकाळी सहाच्या आधी तो रस्त्यावर होता. आता ह्या धंद्यातली एक रीत सांगतो. नवी पट्टी भरली आणि रोलर मिळाला नाही की गँगचे लोक कधी कधी डांबराच्या मधोमध दगडांची ओळ लावत. गाडीला अर्धंच डांबर मिळालं की तिला एका अंगाची चाकं पट्टीवर घालावीच लागत आणि पट्टी आपोआप दबून निघे. रीत जुनी होती, मुकादमानंच शिकवलेली होती. फक्त कटकट होते म्हणून ह्या रस्त्यावर कुणी करत नव्हतं. कचरूनं ओळ लावायला घेतली. दर पंधरा पावलांवर एक दगड, चुना मारलेला, आणि दोन्ही टोकांना खात्याचं लाल फडकं.

साडेसहाला जीप आली आणि थांबली. आत बारा माणसं आणि टपावर दोन. साहेबरावांनी मान बाहेर काढली.

"कचरू, हे काय लावलं?"

"पट्टी दाबून राह्यलो, साहेबराव. साहेबाचा दौरा हाय. गाड्यांनी दबंल."

"आन मी कुठून जाऊ?"

कचरूनं नम्रपणे हातानं पट्टी दाखवली. आयुष्यात त्यानं पुष्कळ नम्रपणा केला होता, पण एवढा गोड कधीच लागला नव्हता. जीपची डावी चाकं खाली उतरली, टपावरच्या दोघांनी दांडी घट्ट धरली आणि जीप एका अंगाला कलंडून डुगडुगत निघाली. दगडांच्या पलीकडच्या अर्ध्या डांबरावरून उषा तिच्या शेजारून पुढं गेली. जीपमधल्या बायका तिच्याकडे बघत होत्या. एकीनं तर खिडकीतून हात काढून तिला टाटा केलं.

आठ दिवस हे चाललं. सकाळी तासभर दगड लावायचे, उषाचं पळणं झालं की उचलायचे. आज ह्या अंगाची पट्टी, उद्या त्या अंगाची. रामकिसन दूधवाल्याची चैन झाली. तो मोकळ्या अर्ध्या डांबरावरून शीळ वाजवत जायचा. साहेबरावांनी तिसऱ्या दिवशी तातेराव मुकादमाला निरोप धाडला आणि पाचव्या दिवशी तातेराव लुनावर बसून आला. येतानाच तोंडाचा पट्टा सुरू होता. नोकरी जड झाली का, सरकारी फडकं पोरीच्या खेळाला लावतो का, दूरच्या बीटवर, दुसऱ्याच रस्त्यावर टाकला तर रोज कोसभर पायपीट करशील, असं सगळं बोलून झालं. कचरूनं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, की बूट घालून एकदा पट्टीवर उभं राहा. तातेराव उभा राहिला. टाच आपटून पाहिली. पट्टी दगडासारखी लागत होती.

दौरा आला तेव्हा मोठे साहेब गाडीतून उतरून पट्टीवर चार पावलं चालले आणि चांगलं काम म्हणाले. तातेरावानं ते काम आपल्या नावावर घेतलं, ही काही नवलाची गोष्ट नाही. पण कचरूची बदली टळली.

आणि इथंच खरी अडचण झाली. त्याच संध्याकाळी साहेबराव आणि तातेराव दोघं कचरूच्या घरापुढं आले. साहेबराव खाटेवर बसले. त्या घरी ते पहिल्यांदाच बसत होते. त्यांनी गिरिजाबाईच्या हातचा चहाही घेतला. बोलणं एकदम मवाळ होतं. झालं ते झालं, म्हणाले. पोरगी गावाची आहे, पोलीस झाली तर गावाचंच नाव. दगड लावले, आम्ही आठ दिवस मुकाट्यानं सोसलं. आता दगड उचल आणि पोरीला खाली पळव.

"आता कसली अडचन हाय, कचरू?" साहेबराव म्हणाले. "पट्टी डांबरावानी पक्की झाली. तुझ्याच हातानं झाली."

तातेरावानं पुस्ती जोडली, की दौरा संपला, आता दगड दिसले तर मला लिहून द्यावं लागेल. शेवटचं वाक्य त्यानं उठता उठता, चप्पल शोधत म्हटलं.

ते गेल्यावर कचरू खाटेवर बसून राहिला. पट्टी कच्ची होती तोवर त्याच्याकडे कारण होतं, आणि कारण इतकं चांगलं होतं की त्यावर तो भांडला असता, नोकरीला पणाला लावून भांडला असता. ते कारण त्यानंच आठ दिवस दाबून दाबून संपवलं होतं. गिरिजाबाई म्हणाली, पाच दिवस तर राहिलेत, पळू दे खाली, काय बिघडतं. कचरूलाही तेच वाटायला लागलं होतं, खोटं कशाला बोला. माणूस थकतो. शिवाय साहेबराव घरी येऊन चहा पिऊन गेले होते, आणि तेवढ्यानंही कचरूच्या आत काहीतरी सैल झालं होतं, ह्याची त्याला लाज वाटत होती.

उषा चुलीपाशी बसून ऐकत होती. तिनं बापाकडे न बघता विचारलं.

"आबा, पट्टी कच्ची व्हती तव्हा मी खाली गेल्ते, कारण आपलं तसंच असतंय म्हून. आता पक्की झाली, तर ती पक्की झाली म्हून खाली जाऊ. मंग वर कव्हा जायचं?"

"साहेबराव म्हनतेत त्येत जिवाची काळजी हाय, बाई," गिरिजाबाई म्हणाली.

"काळजी हाय तर जीप हळू न्यावी," उषा म्हणाली. "मी खाली पळाले म्हून त्याची जीप हळू होती का? पट्टी पक्की हाय ना बिलकुल? मंग दोन चाकं त्यानं घालावी खाली. आठ दिवस घातलीच की. गाडी मोडली का त्याची?"

पोरगी पोलिसात जायच्या आधीच उलटतपासणी घ्यायला लागली होती.

कचरूला त्याचा बाप आठवला. धम्म घ्यायच्या आधीची गोष्ट. चावडीपुढून जाताना बाप पायातल्या चपला काढून हातात घ्यायचा आणि चावडी मागं पडली की पुन्हा घालायचा. लहानपणी कचरूला वाटायचं, तिथं काटे-गोटे नसतील म्हणून बाप चपला काढत असेल. नंतर कळलं. चावडीपुढची जमीन वाईट नव्हतीच. गावातली सगळ्यात चांगली जमीन होती ती, रोज शेणानं सारवलेली. अनवाणी चालायला काही म्हणून त्रास नव्हता. त्रास जमिनीचा नव्हताच.

इतकी वर्षं ही गोष्ट त्याच्या पोटात होती आणि तिचा अर्थ त्याला आज, पट्टी पक्की झाल्यावर लागला. त्याला बापाचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि मग कुणाचा यायला हवा त्याचाही आला. तो उठला आणि उषाला म्हणाला, की उद्या दगड लावणार नाही.

उषानं झटकन वर पाहिलं.

"फडकं पन न्हाई लावनार," कचरू म्हणाला. "दगडाच्या आड काऊन पळायचं? तू वरून पळ. मी सायकल घेऊन मागं येतो."

सकाळी थंडी मरणाची होती. कचरूनं खाकी शर्ट घातला नाही. रजेचा अर्ज त्यानं शेजाऱ्याच्या हाती तातेरावाकडे धाडला होता, म्हणजे त्या दिवशी तो सरकारचा माणूस नव्हता आणि त्याच्या हातात सरकारचं काहीच नव्हतं. अंगात साधा सदरा, कानाला मफलर आणि मनगटावर रामकिसनकडून मागून आणलेलं घड्याळ. उषा फाट्याच्या दगडापाशी उभी राहिली. त्यानं घड्याळ पाहून हो म्हटलं आणि ती निघाली. डांबराच्या मधून नव्हे, डाव्या कडेनं, पण डांबरावरून. तिच्या मागं दहा हातांवर कचरू सायकलवर.

अर्धा किलोमीटर झाला असेल. मागून जीपचा आवाज आला.

कचरूचं हँडल डावीकडे वळलं. त्यानं वळवलं नव्हतं, ते वळलंच. पुढचं चाक डांबराच्या काठावर आलं, आणि तिथं त्यानं बैलाची शिंगं धरावीत तसं दोन्ही हातांनी हँडल धरलं. चाक परत वर आलं. हॉर्न वाजला. एकदा, मग दोनदा, मग साहेबरावांनी हात हॉर्नवरून उचललाच नाही. भीती वाटत होती, वाटत नव्हती असं कोण म्हणेल? मागं दीड टनाचं लोखंड आणि पुढं पोटची पोर. पण पुढची पोर मागं वळून बघत नव्हती. तिची वेणी एका तालात इकडून तिकडं हलत होती, तिचे पाय टप टप पडत होते, आणि कचरूला वाटलं, ही बघत नाही, तर आपण कसं बघायचं. त्यानं पायडल मारलं.

जीपनं वेग टाकला. आता ती मागं मागं दुसऱ्या गिअरमध्ये गुरगुरत येत होती. बाजूनं जायला जागा नव्हती असं मुळीच नाही. उजवी दोन चाकं खाली घातली की झालं, आठ दिवस ह्याच पट्टीवरून ती गेली होती. पण दगड असताना खाली उतरणं वेगळं आणि कचरू असताना उतरणं वेगळं, हे साहेबरावांना कळत होतं आणि कचरूलाही कळत होतं.

समोरून रामकिसन आला, कॅना लटकवलेला. त्यानं उषा पाहिली, कचरू पाहिला, मागची जीप पाहिली, आणि तो सवयीनं खाली उतरून पट्टीवर उभा राहिला. सगळेच काही एका सकाळी बदलत नाहीत. पण त्याच्या अंगावरून जाताना कचरूनं पाहिलं, तर तो तोंडाला उपरणं लावून हसत होता.

किलोमीटरचा दगड मागं पडला. जीपच्या आतून आता आवाज यायला लागले. भोकरदनला साडेसातला एसटी होती, कुणाची कोर्टात तारीख होती, कुणाला दवाखान्यात जायचं होतं. एक म्हातारी मागच्या बाकावरून मोठ्यानं बोलायला लागली, इतक्या मोठ्यानं की कचरूला शब्द न शब्द ऐकू आला.

"साहेबराव, घे की बाबा खाली. तूच म्हनला ना, पट्टी पक्की झाली म्हून. आता माझी एसटी गेल्यावर काय तुझ्या हारनवर बसून जालन्याला जाऊ?"

जीपमध्ये हशा झाला. मग कुणीतरी टपावरून म्हणालं, की घ्या हो, पोरगी दमत नाही आज. हॉर्न थांबला. मग कचरूच्या उजव्या कानाशी खडखडाट झाला. जीपची उजवी चाकं काठावरून खाली उतरली, पट्टीवर टेकली आणि जीप कलंडून पुढं सरकायला लागली.

ती कचरूच्या बरोबरीला आली आणि तिथं मुद्दाम रेंगाळली. साहेबराव कलंडलेल्या जीपमध्ये दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसले होते. त्यांनी मान वाकवून डावीकडच्या गिऱ्हाइकाच्या पलीकडं पाहिलं. चेहरा लालभडक झाला होता.

"झालं का तुमच्या मनासारखं, कचरू?"

बावीस वर्षांत त्यांनी त्याला 'तुमच्या' म्हटलं नव्हतं. टोमण्यातच म्हटलं, पण म्हटलं. पुढं उषानं नळकांडी पुलाच्या कठड्याला हात लावला होता आणि ती वळून त्यांच्याकडेच तोंड करून येत होती, घामानं चमकत, त्याच डांबरावरून, त्याच वेगानं. कचरूनं मनगट वर करून घड्याळ बघितलं.

"न्हाई, साहेबराव," तो म्हणाला. "निम्मंच झालंय. आता वापस जायचंय."